आकाशचिन्ह ते प्रकाशफलक : नगरकायद्याच्या भाषेतील रहिवासी

१. संज्ञेचा प्रश्न

महाराष्ट्रातील महानगरपालिकांच्या कारभारात ‘आकाशचिन्ह’ ही संज्ञा आज पूर्णपणे रुळलेली आहे. पुणे आणि पिंपरी-चिंचवड या शहरांत ‘आकाशचिन्ह व परवाना विभाग’ या नावाने महापालिकेचे खाते चालते आणि जाहिरातफलकाच्या परवानगीसाठी अर्जदाराला त्याच खात्याची पायरी चढावी लागते. बोलीभाषेत मात्र हा शब्द उतरलेला नाही. सामान्य माणूस ‘होर्डिंग’ म्हणतो, ‘बोर्ड’ म्हणतो, निवडणुकांच्या आणि पुढाऱ्यांच्या वाढदिवसांच्या हंगामात ‘फ्लेक्स’ म्हणतो. ‘आकाशचिन्ह’ हा शब्द कानी पडताच त्याच्या मनासमोर फलकापेक्षा धूमकेतू किंवा ग्रहण उभे राहण्याचा संभव अधिक. कारण मराठीत ‘चिन्हे’ दिसतात ती बहुधा पुढे येऊ घातलेल्या बऱ्यावाइटाची.

कार्यालयीन परिभाषेतील असा परका वाटणारा शब्द केवळ भाषांतराची कृत्रिमता म्हणून सोडून देण्याची प्रथा आहे. महाराष्ट्र शासनाचा ‘पदनामकोश’ १९६२ मध्ये निघाला तेव्हापासून परिभाषेवरील चर्चा बव्हंशी सुबोधता व दुर्बोधता या दोन टोकांमध्येच फिरत राहिली. परंतु कायद्यातील संज्ञा ही वस्तूचे नाव असते तशीच ती वस्तू कोठून पाहावयाची हे ठरविणारी जागाही असते. ‘आकाशचिन्ह’ म्हणणारा कायदा फलकाकडे रस्त्यावर उभा राहून, मान वर करून, आकाशाच्या पार्श्वभूमीवर पाहतो. समोरच्या घराच्या खिडकीतून तो पाहत नाही. निवासी वस्तीतील विजेच्या व पुढे इलेक्ट्रॉनिक फलकांच्या नियमनाचा भारतीय इतिहास हा बऱ्याच अंशी या दृष्टिकोनाचा इतिहास आहे. रहिवासी या इतिहासात फार उशिरा येतो. तो का उशिरा येतो आणि आला तेव्हा त्याच्या म्हणण्यासाठी कायद्याच्या भाषेत कोणते शब्द उपलब्ध होते, याचा विचार प्रस्तुत निबंधात केला आहे.

२. लंडनचे आकाश, मुंबईचे कलम

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस लंडनमधील इमारतींच्या माथ्यावर लोखंडी सांगाडे उभारून त्यांवर प्रचंड अक्षरे लावण्याची चाल सुरू झाली. वादळात ही अक्षरे खाली कोसळण्याचा धोका होता, तसेच त्यांनी नगराची आकाशरेषा विद्रूप होते अशीही तक्रार होती. १८९१ मध्ये ब्रिटिश संसदेने लंडनपुरता ‘स्काय साइन’विषयक कायदा केला. इमारतीवर किंवा इमारतीच्या वर आधारलेली आणि रस्त्यावरील कोणत्याही बिंदूवरून आकाशाच्या पार्श्वभूमीवर दिसणारी जाहिरात, अशी त्या संज्ञेची व्याख्या होती. जाहिरातीसाठी सोडलेल्या फुग्यालाही ही व्याख्या लागू होती.

१८८८ च्या मुंबई महानगरपालिका अधिनियमातील कलम ३२८ आज ज्या रूपात वाचले जाते, त्याचे या लंडनच्या व्याख्येशी असलेले नाते उघड आहे. तोच आधार, तेच आकाश, रस्त्यावरील तोच बिंदू, आणि फुग्याबरोबर हवाई छत्रीही. आयुक्ताच्या लेखी परवानगीवाचून आकाशचिन्ह उभारता येणार नाही, आणि ही परवानगी एका वेळी दोन वर्षांपेक्षा अधिक काळासाठी देता येणार नाही, असे हे कलम सांगते. १९४९ च्या मुंबई प्रांतिक महानगरपालिका अधिनियमात हाच मजकूर कलम २४४ म्हणून येतो. त्या काळी पुणे आणि अहमदाबाद एकाच प्रांतात असल्याने १९६० नंतर राज्ये वेगळी होऊनही दोन्ही शहरांच्या फलकनियमनाचा मूळ पाठ सामाईक राहिला. लंडनच्या छपरांसाठी रचलेले एक वाक्य अशा रीतीने पश्चिम भारताच्या दोन भाषांच्या राज्यांत नांदू लागले.

या व्याख्येतील अपवाद विशेष बोलके आहेत. जाहिरातीसाठी न वापरलेली ध्वजकाठी किंवा वातकुक्कुट यांना आकाशचिन्ह मानू नये, असे कायदा म्हणतो. रेल्वेच्या स्वतःच्याच व्यवसायासंबंधीचा, रेल्वेच्याच जागेत असलेला आणि रस्त्यावर किंवा सार्वजनिक जागी पडू शकणार नाही अशा बेताने लावलेला फलकही त्यातून वगळलेला आहे. ‘पडू शकणार नाही’ ही अट येथे महत्त्वाची. आकाशचिन्हाच्या संपूर्ण कल्पनेच्या मुळाशी पडण्याचे भय आहे. कायद्याच्या दृष्टीने फलक हे प्रथम एक ओझे आहे. त्याला उंची आहे, वजन आहे, आधार आहे. त्याला उजेड असू शकतो ही गोष्ट या कलमात येत नाही.

ती येते पुढच्या कलमात. मुंबईच्या अधिनियमातील कलम ३२८ अ आणि १९४९ च्या अधिनियमातील कलम २४५ ही सर्वसाधारण जाहिरातींसंबंधी आहेत. दुकानाच्या काचेआड लावलेली किंवा त्याच जागेत चालणाऱ्या धंद्याविषयीची जाहिरात परवानगीतून मुक्त ठेवलेली आहे. पण ही मुक्तता प्रकाशित जाहिरातीला मिळत नाही. मग प्रकाशित जाहिरात कशाला म्हणावयाचे? दुकानात मांडलेला माल उजळून दाखविला तर तीही प्रकाशित जाहिरात ठरेल काय? या शंकेचे उत्तर एका स्पष्टीकरणात दिलेले आहे. मालावर केवळ त्याच्या किंवा उत्पादकाच्या नावाची चिठ्ठी असेल, आणि माल व चिठ्ठी रात्री दिसण्यासाठी जेवढा उजेड आवश्यक आहे त्याहून अधिक उजेड आयुक्ताच्या मते तेथे नसेल, तर ती प्रकाशित जाहिरात नव्हे. फलकांविषयीच्या या जुन्या कलमांत ‘किती उजेड पुरेसा’ हा प्रश्न विचारला गेला आहे तो या स्पष्टीकरणात, आणि तोही दुकानदाराच्या सोयीसाठी. या तरतुदीकडे समारोपात पुन्हा वळावे लागेल.

३. तीन डोळे : बांधकाम, महसूल, वाहन

फलकाकडे पाहणारा नगरकायद्याचा पहिला डोळा बांधकामाचा होता, हे वरील विवेचनावरून दिसते. दुसरा डोळा महसुलाचा. संविधानाच्या सातव्या अनुसूचीतील राज्यसूचीत ५५ व्या क्रमांकाची नोंद जाहिरातींवरील करासंबंधी होती आणि या कराच्या आधारावर देशभरच्या महानगरपालिका आपले उत्पन्न काढीत. २०१६ च्या १०१ व्या घटनादुरुस्तीने ही नोंद वगळली गेली आणि १ जुलै २०१७ पासून वस्तू व सेवा कर आल्यावर स्थानिक संस्थांच्या हाती कराऐवजी परवाना शुल्क, भुईभाडे अशी साधने उरली. नाव बदलले तरी हिशोबाची रीत तीच राहिली : फलकाचे क्षेत्रफळ, रस्त्याचा दर्जा, आणि फलक साधा की प्रकाशित. प्रकाशित फलकाचा दर अधिक असतो. येथे उजेड कायद्याला दिसतो, परंतु तो दराच्या तक्त्यातील एक रकाना म्हणून. जो उजेड रहिवाशाला त्रासाचा, तोच महापालिकेला अधिक फायद्याचा ठरतो, आणि नियमन करणारी संस्थाच त्या उजेडाची भागीदार होते.

तिसरा डोळा वाहनचालकाचा. २० नोव्हेंबर १९९७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने एम. सी. मेहता प्रकरणात दिल्लीतील रस्त्यांच्या कडेचे, वाहतुकीस धोकादायक ठरणारे फलक हटविण्याचा आदेश दिला. त्यानंतर दिल्लीत जे बाह्य जाहिरात धोरण घडले त्याचा पाया वाहतूकसुरक्षा हाच होता. चेन्नईतील फलकांच्या प्रकरणात २००८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तमिळनाडूच्या फलकनियंत्रक तरतुदी वैध ठरविल्या आणि खासगी जागेतील फलकही सार्वजनिक ठिकाणाहून दिसत असल्याने नियंत्रणाच्या कक्षेत येतो हे मान्य केले. बंगळुरूमध्ये ऑगस्ट २०१८ मध्ये उच्च न्यायालयाच्या कडक आदेशांनंतर महापालिकेने व्यापारी फलकांवरच बंदीचा ठराव केला. तेथे भर अनधिकृतपणा, कचरा आणि शहराच्या विद्रूपीकरणावर होता. मुंबई उच्च न्यायालयात २००२ मध्ये दाखल झालेल्या जनहित याचिकेने वारसा इमारती आणि वृक्ष यांच्या बाजूने फलकांचा प्रश्न मांडला.

या सर्व प्रकरणांत एक गोष्ट समान आहे. चालकाचे लक्ष, इमारतीचे वारसामूल्य, झाडाचा जीव, पादचाऱ्याची वाट या सर्वांसाठी न्यायालयासमोर भाषा होती. आपल्या घरात अंथरुणावर पडलेल्या माणसासाठी ती नव्हती. त्याला न्याय मागावयाचा तर आपले गाऱ्हाणे वाहतुकीच्या किंवा अनधिकृतपणाच्या भाषेत अनुवादित करावे लागे. ‘झोप येत नाही’ ही त्याची तक्रार, पण अर्जात लिहावयाचे ते ‘चालकांचे लक्ष विचलित होते’ असे.

यामागे संमतीची एक रचनाही आहे. इमारतीच्या गच्चीवर किंवा भिंतीवर फलक लावावयाचा असेल तर त्या इमारतीच्या मालकाचे किंवा गृहनिर्माण संस्थेचे ना-हरकत पत्र लागते. भाडे त्या संस्थेला मिळते. इमारतीची रंगरंगोटी, उद्वाहनाची दुरुस्ती त्यातून होते. प्रकाशाचा झोत मात्र समोरच्या इमारतीवर पडतो आणि समोरच्या इमारतीला कोणी विचारीत नाही. लोखंडी सांगाड्याचे ओझे जो वाहतो त्याची संमती, हा आकाशचिन्हाच्या काळातील न्याय. ओझे आणि उजेड एकाच जागी असतात असे त्यात गृहीत धरलेले आहे. रंगवलेल्या फलकाच्या बाबतीत ते गृहीतक खपून गेले. स्वतः प्रकाशणाऱ्या पडद्याच्या बाबतीत ते मोडून पडले.

४. ‘अमेनिटी’चा प्रवास

ब्रिटनमध्ये फलकविरोधाची परंपरा निराळ्या शब्दाभोवती वाढली. १८९३ मध्ये रिचर्ड्सन इव्हान्स यांच्या पुढाकाराने सार्वजनिक जाहिरातींच्या अतिरेकाला आळा घालण्यासाठी एक संस्था स्थापन झाली. १९०७ च्या जाहिरात नियमन कायद्याने स्थानिक संस्थांना बारा फुटांहून उंच फलकांवर नियंत्रणाचे आणि उद्याने, फिरावयाच्या जागा व निसर्गदृश्ये यांच्या रक्षणाचे उपविधी करण्याचा अधिकार दिला. १९४७ च्या नगररचना कायद्यापासून जाहिरातींचे नियंत्रण दोनच निकषांवर करावे असे ठरले : सार्वजनिक सुरक्षितता आणि ‘अमेनिटी’. या दुसऱ्या शब्दाचा तेथील अर्थ एखाद्या जागेची राहण्याजोगी प्रसन्नता असा आहे. तो गुणवाचक शब्द आहे. एखादी वस्ती शांत, काळोखी, निवांत असणे हे तिची अमेनिटी असू शकते, आणि चमचमणारा फलक त्या अमेनिटीला बाध आणतो असे म्हणता येते.

नगररचनेचा कायदा भारतात प्रथम मुंबई इलाख्यात, १९१५ मध्ये आला. त्या परंपरेतील महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ यात ‘अमेनिटी’ची जी व्याख्या आहे ती मात्र गुणाची नसून वस्तूंची यादी आहे : रस्ते, मोकळ्या जागा, उद्याने, क्रीडांगणे, बाजार, वाहनतळ, शाळा, दवाखाने, पाणीपुरवठा, वीजपुरवठा, रस्त्यावरील दिवे, सांडपाण्याची व्यवस्था. मराठीत तिला ‘सुखसोय’ किंवा ‘सुविधा’ हे प्रतिशब्द आले. शब्द तोच, परंतु एका नगराने त्यातून वस्तीचा स्वभाव ओळखला आणि दुसऱ्याने वस्तीला पुरवावयाच्या गोष्टी मोजल्या.

या फरकाला दोष म्हणणे घाईचे होईल. ज्या शहरांत पाणी आणि गटार याच मूलभूत गरजा अपुऱ्या होत्या, तेथे ‘सुविधा’ हा शब्द यादीच्या रूपाने येणे स्वाभाविक होते. उजेडाविषयी तर हे विशेष खरे आहे. गोविंद नारायण माडगांवकरांचे ‘मुंबईचे वर्णन’ १८६३ मध्ये प्रसिद्ध झाले. मुंबईच्या रस्त्यांवर गॅसचे दिवे आले ते त्या दशकाच्या मध्यावर. विजेवर चालणारी ट्राम १९०७ मध्ये धावली. त्या पिढ्यांच्या दृष्टीने उजेड हीच सुधारणा होती, काळोख हा चोरांचा आणि रोगराईचा. ‘प्रबोधन’, ‘ज्ञानप्रकाश’, ‘दीपस्तंभ’ अशा शब्दांनी घडलेल्या मराठी आधुनिकतेला अतिरिक्त उजेडाची कल्पना करणे कठीण होते. अधिनियमातील यादीत रस्त्यावरील दिवा आहे, काळोख नाही. कारण काळोख ही पुरवावयाची गोष्ट असू शकते हे कोणाच्या ध्यानीमनी नव्हते. परिणामी, प्रकाशफलकाने वस्तीतून जे हिरावून घेतले त्याला नगररचनेच्या परिभाषेत नावच उरले नाही.

५. फलकाचे स्थित्यंतर आणि ध्वनीचा कायदा

इलेक्ट्रॉनिक फलकाने घडविलेला बदल केवळ तीव्रतेचा नाही. मुंबईच्या भिंतींवर आणि चित्रगृहांच्या दर्शनी भागांवर दीर्घकाळ हातांनी रंगविलेले फलक होते, म. फि. हुसेन यांनीही उमेदीच्या काळात असे फलक रंगविले. ते रात्री दिसावेत म्हणून त्यांवर दिवे सोडावे लागत. पुढे व्हिनाइलवर छापलेले फ्लेक्स आले, तरी फलक प्रकाश घेणारी वस्तूच राहिला. एलईडी पडदा प्रकाश देतो. तो काही सेकंदांत चित्र बदलतो, आणि प्रत्येक बदलाबरोबर समोरच्या भिंतींचा रंग बदलतो. वॉल्टर बेन्यामीन यांनी १९२८ मधील ‘एकेरी वाहतुकीचा रस्ता’ या पुस्तकात, ग्रंथाच्या पानावर आडवी विसावलेली अक्षरे जाहिरातीने रस्त्यावर ओढून उभी केली, असे निरीक्षण नोंदविले होते. तेथे उभी राहिलेली अक्षरे निदान रस्त्यावर होती. इलेक्ट्रॉनिक फलकाची अक्षरे घरात येतात. वाचण्याजोगी नव्हे, केवळ उजेड होऊन.

मोजमापाचा प्रश्न येथूनच निर्माण होतो. उन्हात दिसावयाचा तर अशा पडद्याच्या प्रत्येक चौरस मीटरमागे हजारो कँडेलांची तेजस्विता लागते. तीच रात्री काहीशेवर आणावी लागते. न आणल्यास पडदा डोळे दिपवितो. हे झाले फलकाच्या पृष्ठभागाचे माप. रहिवाशाला जाचणारी गोष्ट निराळी, म्हणजे त्याच्या खिडकीवर येऊन पडणारा उजेड, आणि तो लक्स या एककात मोजला जातो. पूर्ण चंद्राचा उजेड एक लक्सच्याही आत असतो. पहिले माप फलकाच्या जागी घेतले जाते, दुसरे घराच्या जागी. कोणते माप नियमात यावयाचे यावर नियमाचा पक्ष ठरतो.

ध्वनीच्या बाबतीत भारतीय कायद्याने हा प्रश्न बऱ्याच पूर्वी सोडविला आहे. १९८१ च्या हवा प्रदूषण प्रतिबंधक कायद्यात १९८७ च्या दुरुस्तीने ध्वनीचा प्रदूषक म्हणून समावेश झाला. ध्वनिप्रदूषण (नियमन व नियंत्रण) नियम, २००० यांनी औद्योगिक, व्यापारी, निवासी आणि शांतता असे चार विभाग केले. निवासी विभागासाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा ठरविली आणि रात्र म्हणजे दहा ते सहा अशी तिची व्याख्या केली. २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ध्वनिप्रदूषणावरील निकालात अभिव्यक्तिस्वातंत्र्यात दुसऱ्याला ऐकण्याची सक्ती करण्याचा हक्क येत नाही हे तत्त्व स्पष्ट केले. ‘निवासी विभाग’ आणि ‘रात्र’ या दोन्ही कल्पना अशा रीतीने पर्यावरणाच्या कायद्यात अधिकृत झाल्या. प्रकाशासाठी मात्र त्यांचा तसा उपयोग झाला नाही.

कानाला पापणी नसते, डोळ्याला असते, हे या भेदाचे सहज सुचणारे समर्थन. परंतु ते फलकाच्या बाबतीत टिकत नाही. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापुढे १९३२ मध्ये युटा राज्यातील तंबाखूच्या फलकांचे प्रकरण आले तेव्हा न्यायमूर्ती ब्रँडाइस यांनी वृत्तपत्र व फलक यांत फरक केला : वृत्तपत्र वाचक आपण होऊन उघडतो, फलक त्याच्यावर लादला जातो. भारतात टाटा प्रेस प्रकरणात १९९५ मध्ये व्यापारी जाहिरातीला अभिव्यक्तिस्वातंत्र्याचे संरक्षण मिळाले. ते प्रकरण दूरध्वनीच्या पिवळ्या पानांविषयीचे होते, म्हणजे उघडून वाचावयाच्या जाहिरातीविषयीचे. मिटवता न येणाऱ्या पानाला तेच संरक्षण त्याच प्रमाणात असावे काय, हा प्रश्न त्यातून सुटत नाही. घरातील माणसाने पडदे लावून घ्यावेत, या उत्तरात वाऱ्याचा, उकाड्याचा आणि चाळीतील एकाच खिडकीचा विचार नाही.

६. पडझडीची स्मृती

फलकांविषयी महाराष्ट्रात खळबळ उडाली ती उजेडामुळे नव्हे, पडझडीमुळे. ५ ऑक्टोबर २०१८ रोजी पुण्यात रेल्वेच्या जागेतील फलकाचा सांगाडा काढताना तो रस्त्यावर कोसळून चार जण दगावले. १७ एप्रिल २०२३ रोजी पिंपरी-चिंचवडमधील किवळे येथे पाच जणांचा बळी गेला. १३ मे २०२४ रोजी मुंबईत घाटकोपरच्या छेडानगर भागात वादळी वाऱ्यात एक महाकाय फलक पेट्रोल पंपावर कोसळला आणि सतरा जणांना प्राण गमवावे लागले. महापालिकेच्या मर्यादेनुसार फलक ४० फूट लांब व ४० फूट रुंद असू शकतो, म्हणजे १,६०० चौरस फूट. हा फलक १२० बाय १२० फुटांचा, म्हणजे १४,४०० चौरस फूट, मर्यादेच्या नऊपट होता. तो लोहमार्ग पोलिसांच्या ताब्यातील जागेवर होता आणि त्याला महापालिकेची परवानगी नव्हती. चौकशीसाठी राज्य शासनाने निवृत्त मुख्य न्यायमूर्ती दिलीप भोसले यांची समिती नेमली.

कलम ३२८ मधील रेल्वेचा अपवाद या पार्श्वभूमीवर पुन्हा वाचण्याजोगा आहे. त्या अपवादात रेल्वेची जागा पुरेशी नाही. फलक रेल्वेच्याच कामाचा हवा आणि तो सार्वजनिक जागी पडू शकणार नाही असा हवा. रेल्वेच्या हद्दीतील व्यापारी फलकांवर अधिकार कोणाचा, हा वाद मुंबईत वर्षानुवर्षे चालला. परंतु अपवादाच्या शब्दांत दडलेली सावधगिरी त्या वादात बाजूला पडली. जुन्या कायद्याला निदान पडण्याचे भय ठाऊक होते. त्या एका बाबतीत त्याची भाषा पुरेशी होती. अंमल अपुरा पडला.

दुर्घटनेनंतर ऑगस्ट २०२४ मध्ये बृहन्मुंबई महानगरपालिकेने बाह्य जाहिरात धोरणाचा मसुदा हरकती व सूचनांसाठी प्रसिद्ध केला. त्यात ४० बाय ४० फुटांची मर्यादा तर होतीच. शिवाय डिजिटल फलकांसाठी उजेडाच्या प्रमाणाची ३:१ ही मर्यादा आणि रात्री अकरानंतर ते बंद ठेवण्याची अट घातलेली होती. सतरा माणसे फलकाच्या वजनाखाली गेली आणि त्यांच्यामागून आलेल्या मसुद्यात उजेडाचाही विचार आला, ही गोष्ट विचारात घेण्यासारखी आहे. रात्री अकरा ही वेळ रस्त्यासाठी ठरविलेली नाही. रस्ता अकरानंतरही वाहत असतो आणि चालकाचे लक्ष रात्री दोन वाजताही विचलित होऊ शकते. अकराची वेळ झोपणाऱ्या माणसाची आहे. मसुद्यात रहिवासी हा शब्द येवो वा न येवो, त्याचे घड्याळ त्यात आलेले आहे. उजेडाचे प्रमाण ठरविणारी अट मात्र अद्याप फलकापाशीच उभी आहे. खिडकीपाशी मोजावयाचे माप, आणि समोरच्या इमारतीची संमती, या दोन गोष्टी तिच्याबाहेर राहतात.

७. समारोप

प्रकाशफलकाच्या विरोधात बोलणाऱ्या रहिवाशाचे म्हणणे पाश्चात्त्य सौंदर्यवादाची आयात आहे, ज्या शहरात माणसे पदपथावर झोपतात तेथे घरात काळोख मागणे ही चैन आहे, असा आक्षेप घेतला जाऊ शकतो. त्याचे एक उत्तर सरळ आहे : पदपथावर झोपणाऱ्याला पडदाही नाही. दुसरे उत्तर खुद्द कायद्याच्या पाठात आहे. मुंबईच्या अधिनियमातील ‘उपद्रवा’ची व्याख्या दृष्टी, गंध व श्रवण यांना होणाऱ्या त्रासाची दखल घेते. १९५७ च्या दिल्ली महानगरपालिका अधिनियमातील व्याख्या त्यापुढे जाऊन विश्रांती आणि झोप यांत येणाऱ्या व्यत्ययाचाही उल्लेख करते. म्हणजे झोपणारा नागरिक भारतीय नगरकायद्याला अपरिचित नाही. तो उपद्रवाच्या प्रकरणात आहे. फलकाच्या प्रकरणात त्याला कोणी बोलाविलेले नाही, इतकेच. उपद्रवाच्या तरतुदी त्रास झाल्यावर, तक्रार आल्यावर जाग्या होतात. फलकाच्या तरतुदी परवानगीच्या वेळी, त्रासाच्या आधी. एकाच अधिनियमातील ही दोन प्रकरणे एकमेकांना वाचीत नाहीत आणि रहिवासी त्यांच्यामधल्या कोऱ्या पानावर राहतो.

दुकानातील मालाविषयीचे स्पष्टीकरण या कोऱ्या पानावर लिहिता येण्याजोगे आहे. रात्री वस्तू दिसण्यापुरता उजेड, त्याहून अधिक नाही, हे माप परके नाही आणि नवेही नाही. दुकानदाराला परवान्याच्या कटकटीतून सोडविण्यासाठी ते लिहिले गेले. त्याच मापाने प्रकाशफलकाची मर्यादा सांगता येते. ‘प्रकाशप्रदूषण’ हा शब्द मराठीत अलीकडे आला आणि तो उपयुक्तही आहे. परंतु त्यात उजेडाला रोग मानण्याची गडबड होते. अधिनियमातील जुना प्रश्न अधिक नेमका आहे. तो उजेडाला नाकारीत नाही, ‘पुरेसा’ किती एवढेच विचारतो.

शब्दांच्या तौलनिक अभ्यासाचा येथे आणखी एक धागा मिळतो. हिंदी व बंगालीत जाहिरातीला ‘विज्ञापन’ म्हणतात, म्हणजे कळविणे, तमिळमध्ये ‘विळम्बरम्’, मराठी ‘जाहिरात’ आणि कन्नड ‘जाहीरातु’ यांत अरबीतून आलेला ‘जाहीर’ आहे, म्हणजे प्रकट, उघड. प्रकट करण्याची क्रिया दवंडीच्या काळी आवाजाने होत असे. दवंडीवाला येई आणि निघून जाई. भिंतीवरील अक्षराने ती क्रिया स्थिर केली आणि इलेक्ट्रॉनिक फलकाने अखंड. जाहीर या शब्दाचा विरुद्धार्थी शब्द मराठीत ‘खासगी’. घराला खासगीपण असते ते भिंतींमुळे, असे आजवर धरले गेले. रात्रीचा काळोखही त्या भिंतींपैकी एक आहे, ही जाणीव नगरकायद्याच्या भाषेत यावयाची आहे. ती येईपर्यंत ‘आकाशचिन्ह’ हा शब्द खात्याच्या पाटीवर राहील, आणि त्या पाटीखाली अर्ज घेऊन उभा असलेला रहिवासी आपली झोप चालकाच्या नजरेच्या भाषेत मांडीत राहील.